अहिराची वाट : खाडीपासून नीरेपर्यंत

मृगाच्या पावसाने ओढ्या-नाल्यांना पहिले पाणी आले, की मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. त्यांना आपण चढणीचे मासे म्हणतो. पोटात गाबोळी असलेले हे मासे वरच्या उथळ पाण्यात जातात, तेथे अंडी घालतात आणि परत फिरतात. हा सारा प्रवास फार तर काही किलोमीटरांचा असतो. खेड्यातल्या मुलांनी तो डोळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे माशांचे स्थलांतर शिकवताना या उदाहरणापासून सुरुवात करणे सोयीचे जाते.

पण आपल्याच नद्यांत आणखी एक मासा आहे, ज्याचा प्रवास याच्या नेमका उलटा आणि कित्येक पटींनी लांब आहे. तो म्हणजे अहीर. त्याचे शास्त्रीय नाव अँग्विला बेंगालेन्सिस. सापासारखे लांब, बुळबुळीत शरीर, तपकिरी-पिवळ्या रंगावर गडद ठिपके, आणि वाढ पुरी झाली तर मीटरभराहून अधिक लांबी. नीरा-भीमेच्या खोऱ्यातल्या भोई मंडळींना तो पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. मात्र नदीत पकडलेल्या अहिराच्या पोटात पिकलेली गाबोळी कधीच सापडत नाही, आणि नदीत त्याची अंडी कोणी पाहिलेली नाहीत. याचे कारण साधे आहे. अहीर नदीत जन्मत नाही. तो जन्मतो खोल समुद्रात, आणि लहानपणीच नदीच्या मुखातून आत शिरून चढत चढत डोंगरापर्यंत येतो.

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्याचा नकाशा पाहा. (लोणावळ्याजवळचे खंडाळे वेगळे. येथे खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा तालुका अभिप्रेत आहे.) तालुक्याच्या उत्तर सीमेवरून नीरा वाहते. शिरवळवरून ती वीर धरणात येते, पुढे नीरा-नरसिंहपूर येथे भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला. ही वाट हजार किलोमीटरांहून अधिक भरते. सह्याद्रीच्या पलीकडे मात्र महाबळेश्वरजवळ उगम पावणारी सावित्री शंभर-सव्वाशे किलोमीटरांतच बाणकोटला अरबी समुद्राला मिळते. अहीर दोन्ही उतारांवरच्या नद्यांत आढळतो. कोकणातल्या अहिराला समुद्र जवळ आहे. देशावरच्या अहिराला मात्र अर्धा द्वीपकल्प ओलांडावा लागतो.

गाबोळी कोठे गेली?

अँग्विला या प्रजातीच्या जगात एकोणीस जाती-उपजाती मानल्या जातात. भारतात त्यांपैकी दोन आहेत, आपला ठिपकेवाला अहीर आणि त्याचा एकरंगी भाऊबंद अँग्विला बायकलर. या सर्वांच्या जन्माचे कोडे फार जुने आहे. ॲरिस्टॉटलचे मत होते की हे मासे चिखलातून आपोआप उत्पन्न होतात. पुढे मनोविश्लेषणासाठी प्रसिद्ध झालेल्या सिग्मंड फ्रॉइडने विद्यार्थिदशेत, १८७६ साली, ट्रिएस्ट येथे या माशाची सुमारे चारशे विच्छेदने केली. तो नराचे वृषण शोधत होता. नि:संदिग्ध उत्तर त्याला मिळाले नाही, कारण समुद्राकडे निघेपर्यंत या माशांची जननेंद्रिये अविकसितच राहतात.

उत्तराचा पहिला धागा भलतीकडेच सापडला. समुद्रात विड्याच्या पानासारखा चपटा, पूर्ण पारदर्शक असा एक लहानसा जीव मिळत असे. तो स्वतंत्र मासाच आहे असे समजून त्याला वेगळे शास्त्रीय नावही दिले गेले होते. १८९० च्या दशकात ग्रासी आणि कालांद्रुच्चो या इटालियन शास्त्रज्ञांनी असे जीव पाण्याच्या टाकीत पाळले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्या चपट्या पानाचे गोल, लांबट पिल्लू झाले. तो अहिराच्या युरोपीय भाऊबंदाचा डिंभ होता. डिंभ म्हणजे अंड्यातून बाहेर पडल्यानंतरची, प्रौढापेक्षा अगदी निराळी दिसणारी अवस्था. बेडकाची भैरी, तसा हा.

दुसरा धागा डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनी पकडला. त्यांचा तर्क असा होता की, डिंभ जितका लहान, तितके जन्मस्थान जवळ. १९०४ पासून सुमारे दोन दशके ते अटलांटिकमध्ये जाळी ओढत, डिंभ मोजत राहिले. जेमतेम काही मिलिमीटरांचे डिंभ मिळाले ते सारगासो समुद्रात, युरोपच्या किनाऱ्यापासून हजारो किलोमीटरांवर. नदीत राहणाऱ्या माशाचे जन्मस्थान शोधायला मोजपट्टी आणि चिकाटी पुरली, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखे आहे. जपानी शास्त्रज्ञांनी २००९ साली प्रशांत महासागरात, मारियाना बेटांच्या पश्चिमेला, जपानी जातीची अंडी प्रत्यक्ष मिळवली. हिंदी महासागरातल्या जातींचे डिंभ १९२८-३० च्या ‘डाना’ या डॅनिश जहाजाच्या सफरीत सुमात्राच्या पश्चिमेला मिळाले होते. आपल्या अहिराचे अंडी घालण्याचे ठिकाण मात्र अजून कोणी बोट ठेवून दाखवलेले नाही.

साल्मनची उलटी वाट

अहीर समजून घेण्यासाठी त्याच्या नेमक्या उलट वागणाऱ्या माशाकडे पाहणे उपयोगी पडते. तो मासा म्हणजे साल्मन. आपल्याकडे रावसाला ‘इंडियन साल्मन’ म्हणण्याची पद्धत आहे, पण रावस पूर्णपणे वेगळ्या कुळातला आहे. खरा साल्मन थंड प्रदेशातला. तो नदीच्या वाळू-गोट्यांत जन्मतो, लहानपणी समुद्रात जातो, तेथे वाढतो आणि अंडी घालायला नदीत परततो. प्रशांत महासागरातले बहुतेक साल्मन अंडी घातल्यावर मरतात. अहीरही आयुष्यात एकदाच प्रजनन करतो आणि मरतो.

साल्मनच्या पिल्लांवर कॅनडा व अमेरिकेच्या किनाऱ्यावर मोठे क्षेत्रसंशोधन झाले आहे. समुद्रात उतरण्यापूर्वी पिल्लांचे अंग रुपेरी होते, आणि खारे पाणी सोसता यावे यासाठी कल्ल्यांमधल्या पेशी बदलतात. वसंत ऋतूत ती किनाऱ्यालगतच्या सामुद्रधुन्यांतून जात असताना संशोधक होडीतून जाळे टाकतात, लांबी आणि वजन घेतात, पोटातले अन्न तपासतात, आणि पराचा बारीक तुकडा घेऊन जनुकीय चाचणीने पिल्लू कोणत्या नदीतले आहे ते ठरवतात. काही पिल्लांच्या नाकाडात सुमारे एक मिलिमीटर लांबीची, खुणेचे आकडे कोरलेली तार टोचलेली असते. ही पद्धत १९६० च्या दशकापासून चालत आली आहे. थोड्या मोठ्या पिल्लांच्या पोटात ध्वनिसंकेत देणारी चकती बसवतात, आणि समुद्रतळावर ओळीने मांडलेली ग्राहक यंत्रे तिची नोंद घेतात.

या कामातून एक महत्त्वाची गोष्ट ठळक झाली. साल्मनचे भवितव्य बहुधा समुद्रातल्या पहिल्या काही महिन्यांत ठरते. जे पिल्लू किनाऱ्याजवळ भराभर वाढते ते शत्रूंच्या तोंडून आणि पहिल्या हिवाळ्यातून निभावते. मागे पडलेले बहुतेक मरतात. याचे एक उदाहरण गाजले. कॅनडातल्या फ्रेझर नदीत २००९ साली एक कोटीहून अधिक सॉकआय साल्मन परततील असा अंदाज होता, प्रत्यक्षात आले सुमारे पंधरा लाख. सरकारने न्यायमूर्ती ब्रूस कोहेन यांचा चौकशी आयोग नेमला. २०१२ च्या अहवालात एकच एक कारण निश्चित झाले नाही, पण २००७ साली समुद्रात उतरलेल्या पिल्लांना किनाऱ्यालगत काय भोगावे लागले, याकडे बऱ्याच शास्त्रज्ञांनी बोट दाखवले. गंमत अशी, की पुढच्याच वर्षी, २०१० साली, त्याच नदीत तीन कोटींच्या आसपास मासे परतले.

येथे काळाचा हिशेब लक्षात घ्या. पिल्लांवर २००७ साली आलेले संकट नदीकाठच्या माणसाला २००९ साली कळले. साल्मनमध्ये ही बातमी दोन वर्षांत पोहोचते. अहिराचे तसे नाही. तो नदीत अनेक वर्षे, कधी दहा-पंधरा वर्षांहूनही अधिक काळ राहतो. समुद्राची वाट बंद झाली तर त्याची जननेंद्रिये पिकत नाहीत आणि तो तसाच जगत राहतो. म्हणजे नव्या पिल्लांची आवक आज थांबली, तरी नदीत मोठे अहीर पुढे कित्येक वर्षे सापडत राहतील, आणि पाहणाऱ्याला सारे ठीक आहे असेच वाटेल.

शिक्षकांना हे वेगळ्या भाषेत सांगता येईल. एखाद्या वाडीत पन्नास माणसे राहतात, एवढ्यावरून ती नांदती आहे असे म्हणता येत नाही. शाळेचा पट पाहावा लागतो. पहिलीत एकही मूल आले नसेल, तर वाडीचे भवितव्य त्या कोऱ्या पानावर लिहिलेले असते. अहिराच्या बाबतीत पहिलीचा वर्ग भरतो तो खाडीच्या तोंडाशी.

खाडीच्या दारात

महासागरातून वाहत आलेला चपटा डिंभ किनाऱ्याजवळ आला की त्याचे रूपांतर होते. तो आखूड व गोल होतो, पण अजून पारदर्शकच असतो. सुमारे पाच सेंटिमीटर लांबीच्या या पिल्लात डोळ्यांचे दोन काळे ठिपके आणि पाठीचा कणा तेवढा दिसतो. याला काचपिल्लू म्हणू या. त्याच्यात प्रवाहाविरुद्ध पोहण्याचे बळ फारसे नसते, तरीही ते नदीत शिरते. युरोप आणि जपानमधल्या जातींवरील निरीक्षणांतून त्याची युक्ती समजली आहे. भरतीचे पाणी आत येऊ लागले की काचपिल्ले तळ सोडून वर येतात आणि पाण्याबरोबर आत ढकलली जातात. ओहोटी लागली की तळाशी जाऊन चिकटून राहतात. प्रत्येक भरतीला थोडे पुढे, असे करत ती गोड्या पाण्यापर्यंत पोहोचतात.

पण नदी कोणत्या बाजूला आहे हे त्यांना कसे कळते? याचे एक उत्तर वासात आहे. पहिल्या पावसानंतर मातीला जो सुगंध येतो, त्यातला एक प्रमुख घटक म्हणजे जिओस्मिन. जमिनीतले सूक्ष्मजीव तो तयार करतात आणि नदीच्या पाण्याबरोबर तो समुद्रात जातो. युरोपीय जातीची काचपिल्ले या वासाकडे ओढली जातात, असे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या प्रयोगांत दिसले. आपल्याला वळिवाची चाहूल देणारा वास या पिल्लांना जमिनीची चाहूल देतो.

काचपिल्ले मोजण्याचे काम कष्टाचे आहे. ती अंधारात हिंडतात, म्हणून अमावास्येच्या आसपासच्या रात्री, भरतीच्या वेळी, बारीक आसाचे पिशवीसारखे जाळे खाडीच्या तोंडाशी लावतात. ठरावीक काळाने ते रिकामे करून पिल्ले मोजतात, पाण्याचे तापमान व खारटपणा नोंदवतात आणि पिल्ले पाण्यात परत सोडतात. एका रात्रीच्या आकड्याला अर्थ नसतो. त्याच जागी, त्याच पद्धतीने वर्षानुवर्षे मोजले तरच चढ-उतार दिसतो. युरोपात अशा दीर्घकालीन नोंदी होत्या म्हणूनच १९८० नंतर तेथे पिल्लांची आवक कोसळल्याचे समजले, आणि युरोपीय जात आज अतिसंकटग्रस्त गणली जाते. आपला अहीर आंतरराष्ट्रीय यादीत संकटाच्या उंबरठ्यावरची जात म्हणून नोंदलेला आहे.

कानातली रोजनिशी

नदीत पकडलेला अहीर कधी आणि कोठून आला, हे त्याच्या शरीरातूनच वाचता येते. माशाच्या आंतरकर्णात चुन्याचे बारीक खडे असतात. त्यांना कर्णाश्म म्हणतात. झाडाच्या खोडात वर्षाचे वलय पडते, तसे या खड्यावर पिल्लूपणी दररोज एक सूक्ष्म वलय चढते, आणि पुढे वर्षाचे पट्टेही ओळखू येतात. खडा घासून पातळ केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की काचपिल्लाने समुद्रात किती दिवस काढले ते मोजता येते.

त्याहून मजेची गोष्ट म्हणजे या खड्यातले स्ट्रॉन्शियम. समुद्राच्या पाण्यात हे मूलद्रव्य सामान्यतः गोड्या पाण्यापेक्षा बरेच जास्त असते. खड्याच्या गाभ्यापासून कडेपर्यंत स्ट्रॉन्शियम व कॅल्शियम यांचे गुणोत्तर मोजत गेले, तर मासा समुद्रातून नदीत केव्हा आला ते दिसते. या पद्धतीनेच १९९८ साली कळले, की युरोपीय आणि जपानी जातींतले काही मासे नदीत कधी येतच नाहीत, आयुष्यभर समुद्रातच राहतात.

नीरेची वाट कोठे अडली

कर्नल सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात दख्खनमधल्या माशांची पद्धतशीर नोंद केली. १८३९ साली त्याने येथल्या अहिराला अँग्विला एल्फिन्स्टोनी असे नाव दिले, मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्यावरून. पण ग्रे याने १८३१ साली याच माशाला ‘बेंगालेन्सिस’ म्हटले होते, आणि अग्रक्रमाच्या नियमाने तेच नाव टिकले. सायक्सचे नाव मागे पडले, तरी त्याची नोंद मोलाची आहे. बंगालच्या उपसागरातून निघालेला मासा दख्खनच्या पठारापर्यंत पोहोचत होता, याचा तो लेखी पुरावा आहे.

तेव्हा वाट मोकळी होती. १८५० च्या दशकात विजयवाड्याजवळ कृष्णेवर बंधारा झाला, त्याच्या जागी १९५७ मध्ये प्रकाशम बंधारा आला. वर नागार्जुनसागरची १२४ मीटर उंचीची भिंत १९६७ साली उभी राहिली, पुढे श्रीशैलम आणि जुराळा. भीमेवर बंधारे झाले. नीरेच्या खोऱ्यात भाटघरचे धरण १९२० च्या दशकातले, आणि वीरचे १९६० च्या दशकातले. या धरणांनी फलटण-बारामतीची शेती उभी केली, हे आपण जाणतोच. त्यांच्या आराखड्यात अहिराला मात्र जागा नव्हती.

अहिराची पिल्ले चढाईत पटाईत असतात. दहा-बारा सेंटिमीटरपर्यंतची पिल्ले ओल्या खडकाला किंवा भिंतीला पाण्याच्या पृष्ठताणाच्या आधाराने चिकटून उभी चढू शकतात. ओल्या रात्री गवतातून सरपटत जाणेही त्यांना जमते. लहान बंधारा त्यांना अडवेलच असे नाही. पण शंभर मीटरहून उंच, उन्हात कोरडी पडलेली भिंत ही वेगळी गोष्ट आहे. परतीचा प्रवास आणखी कठीण. समुद्राकडे निघालेल्या अहिराचे डोळे मोठे होतात, अंग रुपेरी होते, आतडे आकसते आणि तो खाणे थांबवतो. एवढी तयारी करून तो पाण्याच्या ओढीने जातो, आणि ती ओढ जर वीजगृहाच्या पात्यांकडे नेणारी असेल, तर त्याच्या लांब शरीरावर पात्याचा घाव बसण्याची शक्यता इतर माशांपेक्षा जास्त असते.

उपाय अशक्य नाहीत. युरोपात आणि न्यूझीलंडमध्ये बंधाऱ्यांच्या कडेला ब्रशाच्या तंतूंनी मढवलेल्या उतरत्या नळ्या बसवून त्यांवरून थोडे पाणी सोडतात. पिल्ले त्या तंतूंना धरून वर येतात. जेथे भिंत फार उंच, तेथे पिल्ले पायथ्याशी गोळा करून वर नेऊन सोडतात. आपल्या देशात हिलसा या माशासाठी असे प्रयत्न झाले आहेत. तो समुद्रातून गंगेत अंडी घालायला येतो. १९७५ साली फराक्का बंधारा झाल्यावर वरच्या गंगेत तो दिसेनासा झाला. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने अलीकडच्या वर्षांत फराक्क्याच्या वर हिलसा सोडले आणि काहींना खुणेची चकती लावून त्यांची वाटचाल पाहिली. दख्खनच्या अहिराला अशा कामाची तितकीच गरज आहे.

शाळेत काय करता येईल

नदीकाठच्या शाळेला यात हातभार लावता येईल, आणि त्यासाठी मासा पकडण्याची गरज नाही. आधी ओळख पक्की करावी. नदीतली वांब पुष्कळदा अहीर समजली जाते. वांबीचे नाकाड टोकदार असते आणि पाठीवर आखूड काट्यांची रांग असते. ती सारे आयुष्य गोड्या पाण्यातच काढते. अहिराच्या पाठीवर काटे नसतात, तोंड रुंद असते आणि डोक्यामागे पराची एक जोडी स्पष्ट दिसते. विरोळा तर सापच. त्याला पर नसतात आणि अंगावर खवले असतात.

मग विद्यार्थ्यांनी गावातल्या जाणत्या मच्छीमारांना चार प्रश्न विचारावेत. अहीर शेवटचा कधी मिळाला? कोठे, धरणाच्या वर की खाली? कोणत्या महिन्यात? आणि किती लांबीचा? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. हात पसरून दाखवलेली लांबी दोरीने मोजून सेंटिमीटरमध्ये लिहावी. शिरवळची, वीरची, भोरची अशी उत्तरे एका तक्त्यात मांडली आणि दर वर्षी त्याच महिन्यात हा उपक्रम पुन्हा केला, तर पाच वर्षांत एक आलेख तयार होईल.

त्या आलेखात फक्त मोठेच अहीर असतील, तर त्याचा अर्थ वर्गात चर्चेला घ्यावा. ते धरणांपूर्वी आलेल्यांपैकी शेवटचे आहेत, की कोणी दुसरीकडून आणून सोडलेले, की काही पिल्लांना अजूनही वर येण्याची फट सापडते आहे? यातले खरे कोणते, ते एखाद्या मेलेल्या अहिराच्या कानातला खडा तपासून प्रयोगशाळेत कळू शकेल. पण हातभर लांबीचासुद्धा नसलेला एखादा कोवळा अहीर त्या तक्त्यात आला, तर ती नोंद तारखेनिशी आणि ठिकाणानिशी जपून ठेवावी. ते पिल्लू मागच्या काही वर्षांतच वर आलेले असेल, आणि कोणी आणून सोडलेले नसेल, तर समुद्रापासून आपल्या नदीपर्यंतची वाट कोठून तरी अजून उघडी आहे, असे म्हणायला आधार मिळेल.